रिसाला, रंधा आणि सुताराचे पुस्तक

राजे, लढाया, सुफी संत आणि इमारती यांच्यावर आपण पुष्कळ लिहिले. त्या इमारतींचे दरवाजे ज्यांनी घडवले, त्यांच्या हुन्नराविषयी मात्र आपल्या लेखण्या बहुधा गप्पच राहिल्या. कारागिराच्या हातातले ज्ञान कागदावर उतरते तेव्हा काय उतरते आणि काय मागे राहते? सुतारकामाच्या पुस्तकांचा इतिहास चाळताना हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

मुस्लिम जगात पेशाविषयी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. मध्य आशियात निरनिराळ्या कसबांचे ‘रिसाले’ असत. पेशाची परंपरा त्यात एखाद्या पैगंबरापर्यंत नेलेली असे, सुताराची नौका बांधणाऱ्या हजरत नूह (अ.) यांच्यापर्यंत. काम सुरू करताना कोणती दुआ म्हणावी, उस्तादाशी कसे वागावे, हे रिसाला सांगे. करवत कशी धरावी, हे मात्र सहसा सांगत नसे. त्यासाठी उस्ताद समोर होताच. पुस्तकाकडे अदब होता आणि उस्तादाकडे हुन्नर.

युरोपात हुन्नरच कागदावर आणण्याचा मोठा प्रयत्न सतराव्या शतकात झाला. लंडनचे जोसेफ मॉक्सन (१६२७–१६९१) हे पृथ्वीचे गोल आणि नकाशे बनवणारे, छपाई जाणणारे गृहस्थ. जानेवारी १६७८ पासून त्यांनी ‘मेकॅनिक एक्झरसायझेस’ ही पुस्तिकामाला सुरू केली. आधी लोहारकाम, मग जोडकाम, घरबांधणीचे सुतारकाम आणि कातकाम. रंध्याचे पाते पुढे-मागे करायला हातोडीचा ठोका कुठे द्यावा, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जातात. पण हातचलाखी शब्दांनी शिकवता येत नाही, ती सरावानेच येते, हेही ते आरंभीच सांगून टाकतात. त्यांच्या पुस्तकातील हत्यारांची काही चित्रे फेलिबियाँ यांच्या १६७६ च्या फ्रेंच ग्रंथावरून घेतलेली होती, हेही इथे नोंदवायला हवे. मॉक्सन सुतार नव्हते. ते सुतारांकडे पाहणारे होते.

पुढच्या शतकात पॅरिसमध्ये एका सुतारानेच लेखणी उचलली. आंद्रे जाकोब रुबो (१७३९–१७९१) हे सुताराचेच पुत्र. वास्तुशिल्पी ब्लाँदेल यांच्याकडे ते रेखाटन शिकले. १७६९ पासून त्यांचा ‘सुताराची कला’ हा ग्रंथ फ्रेंच विज्ञान अकादमीच्या मालिकेत खंडाखंडाने निघाला. त्यात पावणेचारशेहून अधिक चित्रफलक आहेत. हात आणि लेखणी एकाच माणसाकडे आली की काय घडते, याचे एवढे मोठे उदाहरण विरळाच.

विसाव्या शतकात घरच्या घरी लाकूडकाम करणारा हौशी माणूस पुढे आला. त्याला उस्ताद नव्हता, म्हणून उस्तादाचे काम पुस्तकावर आले. अमेरिकेत मॅडिसन येथे १९१० साली सुरू झालेल्या सरकारी वनोपज प्रयोगशाळेने १९३५ मध्ये ‘वुड हँडबुक’ काढले. ते मुळात अभियंत्यांसाठी असले तरी हौशी कारागीरही त्याचा आधार घेतात. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. त्यातही गाभ्याकडून सालीकडे जेवढे आटते, त्याच्या साधारण दुप्पट ते वर्षवलयांच्या कडेने आटते. दरवाजाच्या चौकटीत मधली फळी सरस न लावता खाचेत सैल का ठेवतात, याचे उत्तर इथे आहे. फळीला हलायला जागा मिळाली नाही तर ती तडकते. जुना उस्ताद आकडे सांगत नसे. ‘लाकूड मुरू दे, घाई करू नको,’ एवढेच म्हणे. ज्ञान तेच होते, नोंद नव्हती.

आपल्याकडे काहीच लिहिले गेले नाही, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उत्तर हिंदुस्थानात शिळाछापखान्यांतून कारागिरांसाठी उर्दू पुस्तिका निघू लागल्या. अमांडा लँझिलो यांनी ‘पायस लेबर’ (२०२४) या ग्रंथात अशा लेखनाच्या आधारे मुस्लिम कारागिरांचा इतिहास मांडला आहे. जुन्या रिसाल्यातला अदब आणि नवे तंत्र यांची सांगड या कारागिरांनी घातली.

आणि मराठीत? पुस्तकाआधी इथे शब्द पोहोचले. सुताराचा ‘रंधा’ हा फारसी ‘रंदा’. काटकोन तपासण्याचा ‘गुण्या’ हा फारसी ‘गूनिया’. त्याचे मूळ कोन या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत जाते. ‘गिरमिट’ इंग्रजीतून आले. हत्यारे हातोहात गेली आणि नावेही त्यांच्याबरोबर गेली. कोणत्याही जातीधर्माचा मराठी सुतार आज हेच शब्द वापरतो. आपल्या सामायिक इतिहासाचा याहून साधा पुरावा कोणता?

हा पुरावा टिकवायचा तर त्यासाठी मोठी ग्रंथसंपदा लागत नाही. आपापल्या मोहल्ल्यातील वयोवृद्ध मिस्त्रींकडे जावे, हत्यारांची नावे, लाकूड पारखण्याच्या खुणा, जोड घेण्याच्या रीती विचाराव्यात आणि त्या त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात. मॉक्सन म्हणतात तसा हात कागदावर येणार नाही, हे खरे. पण त्या हाताचे नाव तरी येईल.