सत्तर किलोंची माणसं

११ मार्च २०१२. अंधेरीच्या वीरा देसाई रोडवरचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल. १९९६ साली मायकेल जॅक्सन इथेच नाचून गेला होता. या वेळी होते बॉब सॅप आणि जेम्स थॉम्प्सन. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या ‘सुपर फाइट लीग’चा हा पहिलाच कार्यक्रम. खेळ किकबॉक्सिंगचा नव्हे, मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा, पण आम्हाला तेवढंही पुरेसं होतं. घाटकोपरला एका हॉलमध्ये भरतनाट्यमचा वर्ग सुटला की आम्ही मॅट अंथरून किकबॉक्सिंग शिकायचो. माझा जोडीदार महिनाभर एकच म्हणत होता, “हे चाललं ना, तर आपल्यालाही जागा आहे.”

सॅप हा अवाढव्य अमेरिकन, आधीचा फुटबॉलपटू. के-वन या जपानी किकबॉक्सिंग स्पर्धेत २००२ साली त्याने अर्नेस्टो होस्टसारख्या कसलेल्या माणसाला दोनदा हरवलं. (गंमत म्हणजे दुसऱ्या वेळी सॅपचाच हात दुखावला, त्याच्या जागी हरलेला होस्ट परत आला आणि अख्खी स्पर्धा जिंकून गेला!) पण २०१२पर्यंत सॅप एकामागून एक लढती हरत होता. अंधेरीतही दोन मिनिटांच्या आत पाय दुखावला म्हणून त्याने हार मानली.

आम्ही लॅपटॉप बंद केला.

मुंबईला धिप्पाड माणसांचं वेड जुनंच. दारासिंग आणि किंगकाँगच्या कुस्त्यांचे किस्से आमच्या आजोबांना तोंडपाठ होते. १९६८ साली दारासिंगांनी लू थेझला हरवलं तेही मुंबईतच. त्यांनी जुहूच्या घरी प्राण सोडला तो याच २०१२च्या जुलैत. लीगने पुढे भारतीय खेळाडूंनाही उतरवलं, हे मान्य. पण पहिल्या रात्री पोस्टरवर कोण होतं, ते आम्ही पाहिलं होतं.

आमचं वजन सत्तरच्या आसपास. त्या वजनाचं खरं नाट्य के-वन वर्ल्ड मॅक्समध्ये घडायचं. २००२ साली सुरू झालेली ही स्पर्धा. शेवटच्या टप्प्यात एकाच रात्री तीन लढती जिंकायच्या. २००४ची फायनल आम्ही किती वेळा पाहिली असेल, देव जाणे. टोकियोत, घरच्या प्रेक्षकांसमोर, गतविजेता मासातो. समोर थायलंडचा बुआकाओ. मासातो ठोसे मारायला पुढे सरकला की बुआकाओ पाय उचलून त्याला पोटाशी ढकलणार. पुन्हा पुढे, पुन्हा ढकल. तीन राउंडनंतर निकाल बरोबरीचा. म्हणून जादा राउंड. तिसरी लढत, चौथा राउंड, आणि बुआकाओचा पाय तरीही तितकाच वर. जोडीदार तिथे व्हिडिओ थांबवायचा आणि मला उभं करून तीच लाथ मारायचा. बरगडी दुखायची.

११ ऑक्टोबर २०१४. पट्टाया, फायनल, पुन्हा बुआकाओ. समोर जर्मनीचा एन्रिको केल. तीन राउंड, पुन्हा बरोबरी, जादा राउंड जाहीर. आणि बुआकाओ रिंगमधून निघून गेला. केल विजेता ठरला.

तोवर जोडीदाराने क्लास सोडून नोकरी धरली होती. मी त्याला व्हिडिओ पाठवला. रात्री मुलुंडच्या ट्रेनमधून त्याचा फोन आला.

“चौथा राउंड कुठाय?”

“झालाच नाही.”

“थांब, रेंज जातेय,” तो म्हणाला. “तो कधी उतरला ते परत बघतो.”