आमच्या वेळचे चित्रपट

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी रोह्याहून पेणला येत होतों. सकाळची गाडी होती. नागोठणें सुटलें होतें आणि कासू यावयाचें होतें. समोरच्या बांकावर पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ आणि शेजारीं त्यांची दहा-बारा वर्षांची कन्या बसली होती. गृहस्थांनीं मजकडे दोनतीन वेळां निरखून पाहिलें आणि एकदम उठून पायांस हात लावला. "गुरुजी, ओळखलंत का? सातवीला तुमच्या हाताखालीं होतों." शिक्षकाची स्मरणशक्ति अशा वेळीं नेहमींच दगा देते, मीं ओळखल्याचें सोंग केलें. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर बोलणें चित्रपटांवर आलें, आणि गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणाले, "हल्लींचे चित्रपट पाहवत नाहींत, गुरुजी. आमच्या वेळीं 'अशी ही बनवाबनवी' होता. तसा आतां कोण काढणार?"

मी चपापलों. हा चित्रपट १९८८ सालीं आला तेव्हां भर वर्गांत मीं त्याची यथेच्छ निंदा केली होती. पुरुषांनीं साड्या नेसून घरमालकिणीस फसवावें ह्यांत विनोद तो कसला, 'प्रभात'चा काळ कोठें आणि हे थिल्लर चाळे कोठें, असें बरेंच कांहीं बोललों होतों. एवढ्यावर न थांबतां, कविता म्हणावयास उभा केलेल्या एका मुलानें कवितेऐवजीं त्या चित्रपटांतील संवाद म्हटले म्हणून त्यास घंटा होईपर्यंत आंगठे धरून उभें केलें होतें. ही हकीकत मीं त्या गृहस्थांस गंमत म्हणून सांगितली. ते मोठ्यानें हंसले आणि म्हणाले, "तो मीच, गुरुजी."

ते हंसले, मला हंसतां आलें नाहीं. ज्याला मीं कचरा म्हटलें तें एका पिढीचें सुवर्णयुग ठरलें, आणि त्या पिढीचा प्रतिनिधि माझेंच जुनें वाक्य मलाच ऐकवीत होता. चित्रपट खरोखर बिघडत चालले आहेत, कीं पाहणारा म्हातारा होत चालला आहे? आजचा माझा विषय त्या बांकावर निघाला.

हा प्रश्न कांहीं नवा नाहीं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला. पुढें १९२७ सालीं सरकारनें रंगाचारियार ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चित्रपटांची चौकशी करणारी एक समिति नेमली. तिच्यापुढें फाळक्यांची साक्ष झाली. ह्या धंद्याचे जनक त्या वेळीं सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांनीं समितीस काय सांगितलें? सध्यां देशांत निघणाऱ्या बहुतेक चित्रपटांत ना तंत्र आहे ना कला. अभिनय बरा नाहीं, छायाचित्रण तर अगदींच हलकें आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे हिंदी चित्रपटाचें वय पुरतें पंधरा वर्षांचेंही नव्हतें, तोंच तो बिघडल्याची तक्रार दप्तरीं दाखल झाली; आणि तीही खुद्द त्याला जन्म देणाऱ्याकडून! फाळके चुकीचें बोलत होते असें मी म्हणत नाहीं. परंतु त्याच सुमारास कोल्हापुरांत बाबूराव पेंटर आपले मूकपट काढीत होते, त्यांचा 'सावकारी पाश' १९२५ सालींच निघाला होता, आणि त्यांच्याच हाताखालीं तयार झालेली मंडळी १९२९ सालीं 'प्रभात' ही कंपनी स्थापन करणार होती. फाळक्यांस उतार दिसत होता त्याच जागीं चढ सुरू झाला होता.

आमच्या रोह्याच्या घराच्या ओटीवर हाच वाद मीं तीन पिढ्यांच्या तोंडून ऐकला आहे. आजोबांनीं उमेदीचीं वर्षें गिरगांवांत नोकरींत काढलीं. गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालीं निघाली, म्हणजे नेमकी 'राजा हरिश्चंद्रा'च्याच वर्षीं. आजोबा तिच्या पिटांतले. बोलपट आला, नाटकगृहांत पडदे लागले, आणि आजोबांच्या मतें महाराष्ट्रांतील कला संपली. बालगंधर्वांनीं १९३५ सालीं 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटांत एकनाथांची भूमिका केली आणि पुनः रंगभूमीची वाट धरली, हें तर आजोबांच्या हातचें हुकमाचें पान असे. "खुद्द देवानें पाहून सोडून दिलें," असें ते म्हणत. येथें एक गोष्ट जातां जातां सांगितली पाहिजे. पुरुषांनीं साड्या नेसण्यावर मीं वर्गांत तोंडसुख घेतलें खरें, पण आजोबांचें सारें सुवर्णयुग पुरुषानें नेसलेल्या शालूवरच उभें होतें. फाळक्यांची तारामतीही साळुंके नांवाचे पुरुषच होते. हें मला त्या वेळीं सुचलें नाहीं.

वडिलांचें युग निराळें. त्यांनीं आठनऊ वर्षांचे असतांना 'संत तुकाराम' पाहिला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत तो वर्षाहून अधिक काळ चालला होता आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. वडिलांच्या दृष्टीनें चित्रपटसृष्टि तेथें पूर्ण झाली. नंतर जें आलें तें नुसतें शेपूट. 'श्यामची आई'ला १९५४ सालीं राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें तेवढ्यापुरता त्यांनीं अपवाद केला. १९७१ सालीं दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला तेव्हां मी बारा वर्षांचा होतों. वडिलांची सक्त मनाई होती. अर्थात् मीं तो पाहिला. मामांकडे पेणला जातों असें सांगून पाहिला, आणि इतका हंसलों कीं परत येतांना एस.टी.मध्यें एकटाच हंसत होतों. आजही मी छातीवर हात ठेवून सांगतों कीं 'सोंगाड्या'सारखा निर्मळ गांवरान विनोद हल्लीं दिसत नाहीं. पण हेंच वाक्य तो बांकावरचा गृहस्थ त्याच्या चित्रपटाविषयीं बोलला होता.

मानसशास्त्रज्ञांनीं वयस्क माणसांच्या आठवणी गोळा करून पाहिल्या आहेत. सुमारें दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणींची गर्दी इतर काळाच्या मानानें फार मोठी असते, असें त्यांस आढळलें. वयाच्या बाराव्या वर्षीं खाल्लेली काकडी गोड लागते ती कांहीं केवळ काकडीच्या गुणानें नव्हे.

दुसरें कारण इतिहासांत आहे, आणि इतिहासाच्या शिक्षकास तें अधिक पटतें. मूकपटांच्या काळांत आपल्या देशांत तेराशेंच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतील जेमतेम तिसाच्या आंतबाहेर आज शिल्लक असतील, आणि त्यांतलेही कित्येक तुटक. खुद्द 'राजा हरिश्चंद्र' अखंड उपलब्ध नाहीं. त्या वेळची नायट्रेटची फीत पेट घेणारी, दमट हवेंत सडणारी. फितींतील चांदी काढण्यासाठीं लोकांनीं रिळेंच्या रिळें मोडीत घातलीं. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, तोंवर बहुतेक नाश होऊन चुकला होता. जें काळानें नेलें त्यांत रत्नें होतींच. बाबूरावांचा मूक 'सावकारी पाश' आज पाहतां येत नाहीं, ही हळहळ मोठी आहे. परंतु त्याच पुरांत हजारभर सुमार चित्रपटही वाहून गेले. आपण 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' यांची तुलना गेल्या शुक्रवारीं लागलेल्या चित्रपटाशीं करतों. 'तुकारामा'च्या आठवड्यांत शेजारच्या थिएटरांत काय लागलें होतें हें कोणास ठाऊक असतें? जुना काळ निवडलेल्या तांदुळासारखा आपल्यापुढें येतो. आजचा काळ खड्यांसकट.

मग कसोटी कोणती लावावी? आमच्या पेणांत गणपतीचे जुने कारागीर म्हणतात कीं शाडूच्या मूर्तीची सर प्लास्टरला नाहीं. ही तक्रार वयाची आहे कीं खरी, हें ठरविणें सोपें आहे. मूर्ति पाण्यांत ठेवा; शाडू विरघळतो, प्लास्टर विरघळत नाहीं. तक्रार खरी ठरली. चित्रपटास असें पाणी कोठून आणावें? मला सुचलें तें इतकेंच कीं जुना चित्रपट पुनः पाहावा, आणि तोही एकट्यानें, आठवणींची सोबत न घेतां.

निवृत्तीनंतर मीं हा उद्योग केला. 'संत तुकाराम' तीन रात्रीं लागोपाठ पाहिला. विष्णुपंत पागनिसांचे डोळे अजून तसेच आहेत. पण ह्या खेपेस माझें सारें लक्ष गौरीबाईंच्या आवलीनें ओढून घेतलें. नवऱ्यावर आणि देवावर उखडणारी, भुकेल्या पोरांची आई! वडिलांनीं मला तुकोबांचें विमान दाखविलें होतें, आवली दाखविली नव्हती. हा चित्रपट पाण्यांत टाकला तरी विरघळावयाचा नाहीं, असें मी निःशंकपणें सांगतों. 'सोंगाड्या'च्या वेळीं पुष्कळ ठिकाणीं हंसलों, कांहीं ठिकाणीं घड्याळ पाहिलें. आणि लहानपणीं ज्या एका पौराणिक चित्रपटासाठीं मीं दोन रात्रीं रडून घर डोक्यावर घेतलें होतें, तो अर्ध्या तासांत बंद केला. नांव घेत नाहीं. कोणाच्या तरी लहानपणाचा तो देव असेल. शेवटीं, जड हातानें, 'बनवाबनवी' लावला. सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे. एकमेकांच्या बोलण्यावर बोलणें कसें टाकावें, कोठें श्वास घ्यावा, ह्याचें त्या मंडळींचें गणित असें कांहीं पक्कें आहे कीं मीं आयुष्यभर वर्गांत अंकगणित शिकवून मला तें दिसलें नव्हतें. मला त्या वेळीं चित्रपट दिसतच नव्हता. मला शिस्त बिघडलेली दिसत होती.

उतार कधींच आला नाहीं असें मात्र मी म्हणणार नाहीं. १९७५ सालीं सरकारनें मराठी चित्रपटांस करमणूक-कराच्या परताव्याची योजना लागू केली. हेतु चांगला होता. मरूं घातलेला धंदा तगला. पण सरकारी पैशाच्या आशेनें घाईघाईनें उरकलेले चित्रपटही मग पुष्कळ निघाले, आणि त्या काळांतील माझी चीड सर्वस्वीं खोटी नव्हती. उलट, ज्या काळास आम्ही वृद्ध मंडळी सर्वांत अधिक नांवें ठेवतों त्याचा हिशेब पाहा. 'श्यामची आई'नंतर देशांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीस मिळण्यास पन्नास वर्षें लागलीं. तो २००३ सालच्या 'श्वास'ला मिळाला. त्यानंतर २०११ चा 'देऊळ', २०१४ चा 'कोर्ट', २०१६ चा 'कासव'. पन्नास वर्षांत एकही नाहीं, आणि पुढच्या तेरा वर्षांत चार! पदकांवरून सर्व कांहीं ठरत नाहीं हें शिक्षकास सांगावयास नको. तरी ज्याला उतार म्हणावें त्या रस्त्याची ही खूण नव्हे.

'सैराट' मला २०१६ सालीं माझ्या मुलीनें आग्रहानें दाखविला. मी कपाळाला आंठ्या घालूनच बसलों होतों. शेवटीं पडद्यावरचा सारा आवाज थांबतो आणि लहान मूल रक्ताचीं पावलें उमटवीत जातें. सभागृहांतील शेंकडों तरुण पोरें, जीं घटकेपूर्वीं गाण्यावर नाचत होतीं, तीं अगदीं सुन्न झालीं. मूकपट संपले म्हणून आमचे वडीलधारे हळहळले होते. तें मौन मला तेथें भेटलें.

माझ्या तक्रारींपैकीं एक तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन मिटली. हल्लींचे नट तोंडांतल्या तोंडांत पुटपुटतात, असें मी दोन वर्षें सर्वांस सांगत होतों. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं उजवा कान बराच मंद झाला आहे. यंत्र बसविल्यापासून नटांचे उच्चार पुष्कळ सुधारले.

तरीही कांहींतरी हरवलें आहे, आणि तें पडद्यावरचें नव्हे. रोह्यास धावीर महाराजांच्या उत्सवाच्या सुमारास, पाऊस उघडला कीं, फिरत्या सिनेमाचा तंबू येई. एका बाजूस बायका, एका बाजूस पुरुष, पुढें जमिनीवर आम्ही पोरें. हजार फुटांचें रीळ अकरा मिनिटें चालतें. यंत्र एकच, त्यामुळें दोन रिळें जोडून घेतलीं तरी वीस-बावीस मिनिटांनीं उजेड करावा लागे. त्या उजेडांत सारा तंबू बोलूं लागे. सून वाईट कीं सासू, पाटील पुढें काय करील, पोराला विष कोणी दिलें. कोळी, कुणबी, वाणी, ब्राह्मण, एरवीं एकमेकांच्या ओटीवर न बसणारीं माणसें, गोष्टीपुरतीं एका पंक्तीस बसत. त्यांतील कित्येक चित्रपट टाकाऊ असतील. आज मला त्यांचीं नांवेंही आठवत नाहींत. आठवतो तो उजेड. १९७२ सालीं मुंबईचें दूरदर्शन सुरू झालें. पुढें ज्याच्या घरीं संच असे त्याच्या माजघरांत शनिवारचा मराठी चित्रपट पाहण्यास आळी जमे, तेथवर हा उजेड पोंचला होता. आतां 'तुकारामा'सारखा वर्षभर चित्रपट कोण ठेवतो? मराठी चित्रपटास अडनिड्या वेळेचा एखादा खेळ मिळतो, आणि लोकांच्या कानावर नांव जाईपर्यंत आठवड्यांत तो उतरतो. ही तक्रार मी मागें घेत नाहीं. ती माझ्या वयाची नाहीं.

गाडींतल्या त्या गृहस्थांची मीं क्षमा मागितली नाहीं. समोर बसून तें जमलें नाहीं. ह्या भाषणांत मागतों. ते मात्र कासू आल्यावर मुलीवर रागावले. ती मघांपासून मोबाईलवर कांहींतरी पाहून खुदुखुदु हंसत होती. "काय तो कचरा पाहतेस? गुरुजी बसलेत समोर!" मीं म्हटलें, "राहूं द्या हो." आणि तिला म्हटलें, "बाळ, मला दाखवतेस?" तिनें बापाकडे पाहिलें, मग जागा बदलून माझ्या शेजारीं येऊन बसली. कोणतासा चित्रपट होता. दोन मुलें एका सायकलवरून भांडत होतीं. मला नीट ऐकूं येईना, तेव्हां तिनें आवाज वाढविला आणि आधीं काय घडलें तें सांगूं लागली. तिचें सांगणें संपण्यापूर्वीं पेण आलें. उतरण्याच्या गडबडींत चित्रपटाचें नांव विचारावयाचें राहून गेलें.