जमिनीवरचे घरगुती जलतरण तलाव : अमेरिकेतील स्थानिक नियम

खड्डा न खणता, घराच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या, रेझिनच्या किंवा जाड प्लास्टिकच्या भिंती उभारून केलेला तलाव. खणून बांधलेल्या तलावापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो, दुकानातून खोक्यात येतो आणि हौशी माणसांना घरच्या घरी उभारता येतो. त्यामुळे त्याला परवानगी लागत नसेल, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात कंबरभर पाण्याचा तलाव अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बांधकामातच मोजला जातो.

घरगुती तलावाच्या कुंपणाविषयी संपूर्ण देशाला लागू होणारा एकच कायदा नाही. ‘इंटरनॅशनल कोड कौन्सिल’ ही संस्था नमुना संहिता तयार करते. राज्ये, काउंट्या आणि शहरे ती आपापल्या सोयीने, फेरफार करून स्वीकारतात. म्हणून शेजारच्या गावात चालणारी गोष्ट आपल्या गावात चालेलच असे नाही. नमुना संहितेनुसार २४ इंचांपेक्षा कमी खोलीच्या तयार तलावाला बांधकाम परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या तलाव-सुरक्षा कायद्यात मात्र १८ इंचांहून अधिक पाणी असले की ‘तलाव’ ठरतो. फ्लोरिडाच्या २००० सालच्या कायद्यात ही मर्यादा २४ इंच आहे.

परवान्याच्या अर्जासोबत जागेचा नकाशा द्यावा लागतो. शेजाऱ्याच्या हद्दीपासून आणि घरापासून किती अंतर सोडायचे, हे गावागणिक बदलते. वीज, गॅस किंवा सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी राखलेल्या पट्ट्यात तलाव उभारता येत नाही. सेप्टिक टाकी आणि तिच्या शोषक्षेत्रावरही नाही. यामागे साधे गणित आहे. १८ फूट व्यासाच्या गोल तलावात साडेतीन फूट पाणी भरले, तर त्या पाण्याचेच वजन २५ टनांच्या घरात जाते.

नियमांचा गाभा आहे कुंपण. अमेरिकेत एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बुडणे हे आहे, आणि कुंपणाची सगळी मापे या वयाच्या मुलाचे हात, पाय आणि डोके समोर ठेवून ठरवलेली आहेत. नमुना संहितेत कुंपणाची उंची बाहेरच्या बाजूने मोजून किमान ४८ इंच लागते. कोणत्याही फटीतून चार इंच व्यासाचा चेंडू आत जाता कामा नये. फाटक तलावाच्या उलट दिशेने उघडावे, सोडले की आपोआप मिटावे आणि कडीही आपोआप लागावी.

जमिनीवरच्या तलावाला इथे एक सवलत मिळते. त्याची भिंतच ४८ इंच उंच असेल तर तीच कुंपण मानली जाते. भिंत कमी पडली तर तिच्या माथ्यावर कठडा बसवता येतो. पण मग आत जायची शिडी हेच फाटक ठरते. ती काढून ठेवता यावी, वर दुमडून कुलूप लावता यावी, किंवा तिच्याभोवती स्वतंत्र कुंपण असावे. तपासनीस नेमके हेच पाहतो. पोहून झाल्यावर शिडी तशीच लावून ठेवली, तर चारही बाजूंची उंच भिंत निरुपयोगी ठरते. भिंतीला लागून लाकडी डेक बांधला, तर डेकच्या पायऱ्यांनाही फाटक लागते. भिंतीलगत ठेवलेला पंप, खुर्ची किंवा खोकेही मुलाला चढायला पुरते. म्हणून अशा वस्तूंपासून मोकळे अंतर राखण्याची तरतूद आहे.

भिंतीवरच विसंबणे किती धोक्याचे ठरू शकते, हे २०२५ च्या जुलैमध्ये दिसले. ४८ इंच किंवा त्याहून उंच असे सुमारे ५० लाख तलाव ग्राहक-सुरक्षा आयोगाने कंपन्यांना परत बोलावायला लावले. सांगाड्याच्या खांबांना बाहेरून आवळणाऱ्या पट्ट्यावर पाय रोवून लहान मुले वर चढत होती. अशा नऊ मुलांच्या बुडून झालेल्या मृत्यूंचा संबंध या रचनेशी जोडला गेला. उंचीचा नियम पाळूनही भिंत चढता येत होती. त्यामुळे भिंत पुरेशी उंच असली तरी तलावाभोवती वेगळे कुंपण घालणे हाच खरा शहाणपणा आहे, मग स्थानिक नियम ते मागो वा न मागो.

विजेसाठी स्वतंत्र संहिता आहे. कायमस्वरूपी तलावाच्या काठापासून सहा फुटांच्या आत सॉकेट नसावे आणि वीस फुटांच्या आतल्या सॉकेटला गळती होताच वीज तोडणारे संरक्षण असावे. पंप आणि धातूचे भाग तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडावे लागतात. ही कामे बहुधा परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायची असतात आणि त्यांची तपासणी वेगळी होते. क्लोरीनचे पाणी पावसाळी गटारात सोडण्यावर अनेक शहरांत बंदी आहे.

न्यू जर्सी किंवा टेक्सासच्या उपनगरांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एका दाराशी जावे लागते, ते म्हणजे घरमालक संघटना. तिचे नियम आपल्याकडच्या सोसायटीच्या उपविधींहून कडक असू शकतात. कित्येक संघटना खणलेल्या तलावाला मान्यता देतात, पण जमिनीवरचा तलाव दिसायला बरा नाही म्हणून साफ नाकारतात. नगरपालिकेचा परवाना हाती असला तरी हा नकार टळत नाही.