विंध्यशक्तीने नेमकी किती वर्षं राज्य केलं?

मी अनसिंगचा, शिकलो विज्ञान. आमचं जिल्ह्याचं ठिकाण वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अशी शाखा होती, हे १९३९ मध्ये वाशिमचा ताम्रपट मिळाल्यावर नीट कळलं.

हा ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्तीचा. तो सर्वसेनाचा मुलगा, पहिल्या प्रवरसेनाचा नातू. नांदेडकडच्या भागातलं एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिलं. वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. आणि काळ? राज्यवर्ष ३७.

इथे आपण पटकन लिहून मोकळे होतो : ‘त्याने ३७ वर्षं राज्य केलं.’ थांबा! ताम्रपट एवढंच सांगतो, की सदतिसावं वर्ष चालू होतं. पुढे तो महिनाभर जगला की दहा वर्षं, यावर ताम्रपट गप्प आहे. प्रयोगशाळेच्या भाषेत ही किमान मर्यादा झाली, मोजमाप नव्हे.

दुसरी अडचण अशी, की ताम्रपटात शक वगैरे कुठलाच संवत नाही. पलेंकेचा माया राजा पाकाल बघा. माया लेखांत अखंड दिवसगणना असल्यामुळे तो इ.स. ६१५ मध्ये बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८३ मध्ये वारला, हे सांगता येतं. आपल्या विंध्यशक्तीला ‘चौथ्या शतकाचा उत्तरार्ध’ मिळतो तो अनुमानाने : लिपी, वंशावळ आणि समकालीन राजांवरून.

म्हणून वहीत दोन रकाने करा : पुराव्यात काय आहे, आणि आपण काय काढलं. प्रबंध टिकतो तो या दोन रकान्यांमधल्या रेघेवर.