पाळत, संशय आणि गाणारी भिंत

रहस्यकथेत पाळत ही एका चतुर माणसाची विद्या असते. बाबूराव अर्नाळकरांच्या असंख्य कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला एक आश्वासन दिले होते : गुन्हेगार सापडला की संशय मिटतो. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) हे आश्वासनच काढून घेतले. रात्री परवान्यावाचून हिंडणारा पुणेकर येथे आधीच आरोपी असतो. गुन्हा त्याला मागाहून चिकटविला जातो.

नाटकावरील वाद मात्र नाना फडणविसांच्या चारित्र्याभोवती फिरत राहिला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने प्रयोग थांबविले. १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन झाली. या वादात पाळतीचे मूळ व्यक्तीत शोधले गेले. प्रयोग ते अन्यत्र दाखवितो. कोकणातील खेळे-दशावतार आणि तमाशा यांच्याशी नाते सांगणारी ब्राह्मणांची मानवी भिंत पाठ फिरविली की आडोसा होते, तोंड फिरविले की पहारा. भास्कर चंदावरकरांच्या संगीतात नामगजर आणि शृंगार एकाच कंठांतून उमटतात. गाणे अत्याचारावरचे पांघरूण बनते. ज्यांवर पाळत आहे, तेच हे पांघरूण धरून उभे आहेत. मिशेल फूको यांचा शिस्त आणि शिक्षा यांवरील ग्रंथ १९७५ चा. मराठी रंगभूमीने हा अनुभव त्याआधीच, आपल्या रीतीने, मांडला होता.

इतिहासाकडे वळल्यास तेंडुलकरांची निवड अधिक स्पष्ट होते. घाशीराम १७९१ मध्ये मारला गेला. सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर (१७९५) पेशवाईच्या वारसाचा झगडा पेटला आणि १७९६ मध्ये, ज्यांच्या हेरव्यवस्थेचा दरारा होता त्या नानांनाच कैदेच्या भीतीने वाईहून महाडास आश्रय घ्यावा लागला. सावित्रीकाठच्या या गावातून त्यांनी गुप्त पत्रव्यवहाराने निजाम व शिंदे यांना वळविले. निजामाशी महाडचा तह झाला आणि डिसेंबरात दुसरा बाजीराव पेशवा झाला. पुढल्या वर्षाच्या अखेरीस शिंद्यांनी नानांना कैद केलेच.

महाडचा अंक लिहिला असता तर पाळत ठेवणाऱ्यावरच पाळत आली, असा काव्यात्म न्याय साधला असता. पण तो रहस्यकथेचा न्याय झाला असता. तेंडुलकर १७९१ लाच थांबतात : कोतवाल मरतो, नाना सुरक्षित राहतात, उत्सवाचा हुकूम सुटतो आणि भिंत गातच राहते. व्यक्तीच्या पतनाने व्यवस्था ढळत नाही, हे या अपूर्णतेतूनच सिद्ध होते. नाना दोषी की निर्दोष, या प्रश्नात गुंतलेली समीक्षा म्हणूनच नाटकाला पुन्हा रहस्यकथेत ढकलते.