चिरुटाच्या कारखान्यातली कादंबरी

तेलेनोव्हेला म्हणजे दूरचित्रवाणीवरची कादंबरी. कादंबरी हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. अमेरिकी सोप ऑपेरा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. या स्पॅनिश भाषेतल्या मालिकेला मात्र शेवटचं पान असतं, आणि ते येणार हे पाहणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

तिचं कूळ शोधायला मी हवानाच्या चिरुटाच्या कारखान्यात जाईन. साल १८६५. दिवसभर तंबाखूची पानं वळायची; हात गुंतलेले, कान मोकळे. उंच मंचावर बसून एकानं मोठ्यानं वाचायचं. हा 'लेक्तोर'. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत, म्हणून कादंबरी कोणती वाचायची हेही तेच ठरवत. ह्यूगो, द्यूमा. वाचन आवडलं की पान कापायची पाती टेबलावर खणखणायची. पुढच्याच वर्षी क्यूबावरच्या स्पॅनिश सत्तेनं हे वाचन बंद पाडलं; ऐकणाऱ्या कामगारांची तिला भीती वाटली. ते पुन्हा सुरू झालं, आजही चालतं. 'मोंतेक्रिस्तो' चिरुटाचं नाव द्यूमाच्या कादंबरीवरूनच पडलं.

रोज थोडं ऐकायचं आणि उद्याची वाट पाहायची, ही सवय क्यूबात अशी मुरलेली होती. १९४८ साली हवानाच्या रेडिओवर फेलिक्स काइग्नेत यांची मालिका 'एल देरेचो दे नासेर', म्हणजे 'जन्माचा हक्क', सुरू झाली. भाग ३१४. लग्नाआधी झालेलं मूल आजोबा मारायला सांगतो, काळी दाई मामा दोलोरेस त्याला घेऊन पळते, वाढवते. तोच मुलगा डॉक्टर होऊन नकळत आजोबाचा जीव वाचवतो. योगायोगांवर कुणी नाक मुरडो. १८८६ पर्यंत गुलामी चाललेल्या देशात आईपणाचा मान एका काळ्या दाईला मिळाला, हे मला फार मोठं वाटतं.

अशा रेडिओ-मालिकांचा खर्च साबणवाले करत. पुढे दूरचित्रवाणी आली आणि मेक्सिकोत १९५८ साली 'सेंदा प्रोइबिदा' ही तेलेनोव्हेला झाली.

१९६९ मध्ये पेरूत 'सिम्प्लेमेन्ते मारिया' आली. मारिया मोलकरीण, अक्षरं शिकते, शिवणयंत्राच्या जोरावर स्वतःच्या पायांवर उभी राहते. तिच्या लग्नाच्या चित्रीकरणाला लिमातल्या चर्चबाहेर हजारो लोक लोटले, काही जण आहेर घेऊन. पाहणाऱ्या मोलकरणी शिवणाच्या आणि साक्षरतेच्या वर्गांना जाऊ लागल्या. मेक्सिकोच्या मिगेल साबिदोंनी हे हेरलं आणि १९७५ साली प्रौढ साक्षरतेवर मालिका काढली. त्यांच्या पद्धतीवरून १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' आली. भाग संपताना अशोककुमार समोर येऊन बोलत, ते आठवलं की मला मंचावरचा तो लेक्तोर दिसतो.