खारेपाटातला सल्लागार : मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाचा विचार

कृषी सल्लागाराच्या संदर्भात मनुष्यबळ व्यवस्थापन या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की अभ्यासक्रम फसतो. पहिली गोष्ट खात्याची आहे : माणसे निवडणे, काम नेमून देणे, शिकवणे, जोखणे, टिकवणे. दुसरी सल्लागाराच्या रोजच्या कामातली आहे. त्याने सांगितलेले तंत्र शेतात उतरते ते दुसऱ्यांच्या हातांनी, म्हणून त्या हातांची जुळवाजुळवही त्यालाच करावी लागते. उरण, पेण, अलिबागच्या खारेपाटापासून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यापासून, मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांपर्यंत, रायगडच्या साऱ्या किनाऱ्यावर ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे. तरीही या विवेचनाचा रोख सल्लागाराच्या वरच्या माणसावर आहे. सल्लागाराचे दिवस जो वाटून देतो, त्याला हे प्रशिक्षण आधी मिळायला हवे.

आधी यंत्रणा पाहू. जिल्ह्यात पंधरा तालुके. राज्याच्या कृषी विभागाची साखळी अलिबागच्या जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यापासून उपविभाग, तालुका, मंडळ अशी उतरत कृषी सहायकापर्यंत येते. (2025 मध्ये या पदाला सहायक कृषी अधिकारी असे नाव मिळाले.) जिल्हा परिषदेचा कृषी विभाग वेगळा. आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) योजनेतले तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक कंत्राटावर. रोह्याचे कृषी विज्ञान केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे, पण त्याचा खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा. अशा केंद्राचा मंजूर आकृतिबंध सोळा पदांचा. त्यात विषय विशेषज्ञ सहा. शेतकरी एकच, त्याच्याकडे येणारी माणसे मात्र चार निरनिराळ्या सेवाशर्तींची. प्रशिक्षणाची सोय नागपूरच्या वनामती संस्थेकडे आणि कोकणापुरती तिच्या खोपोलीच्या रामेती या प्रादेशिक प्रशिक्षण संस्थेकडे आहे. देशपातळीवर 1987 पासून हैदराबादची मॅनेज ही संस्था आहे. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी. तिथल्या वर्गात बसून खाऱ्या जमिनीची कल्पना करता येते, पण भरतीचे पाणी शेतात शिरल्यावर गावात जी बाचाबाची होते ती वर्गात येत नाही.

तंत्र हे मुळात माणसांच्या मांडणीचे असते, हे भातापेक्षा चांगले कुठे दिसत नाही. डॉ. एन. के. सावंतांची चारसूत्री पद्धत घ्या. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या ही तिची चार सूत्रे. लावणी आलटून पालटून 25 आणि 15 सेंटीमीटरवर करायची, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन तयार होतो, आणि त्याच्या मध्यावर 7 ते 10 सेंटीमीटर खोल एक गोळी खोचायची. प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला 40 सेंटीमीटर लांब-रुंद जागा येते. हिशेब केला तर हेक्टरी 62,500 गोळ्या होतात. प्रत्येक गोळी कुणाच्या तरी बोटांनी चिखलात जायची असते. ती बोटे बहुतेक बायकांची, कारण लावणी त्यांचीच. मालक पुष्कळदा मुंबईत नोकरीला, सातबारा त्याच्या नावावर, आणि सभेची निमंत्रणे सातबारा पाहून जातात. सल्लागाराने गावकीच्या सभेत पुरुषांना दोरी कशी धरायची ते समजावले आणि लावणीच्या दिवशी बायकांनी सवयीच्या अंतराने रोप टोचले, तर दोष तंत्राचाही नाही आणि बायकांचाही नाही. शिकवण्याची जागा आणि माणूस दोन्ही चुकले.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचेही तसेच. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची बाजारातली ओळख ज्या माळेवर उभी आहे ती माळ गुंफणाऱ्या बहुधा बायकाच. मानांकनानंतर प्रतवारी, साठवण, नावाखाली होणारी भेसळ हे विषय चर्चेला येतात. या विषयांतले खरे जाणकार माळ गुंफताना हाताने कांदा चाचपतात. तेव्हा त्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून बसवण्याऐवजी प्रशिक्षक म्हणून उभे करणे हे जास्त शहाणपणाचे व्यवस्थापन ठरेल. त्यासाठी मानधनाचा नियम लागेल, आणि नियम करणारा पुन्हा वरचाच.

खारेपाटात मात्र प्रश्न एका घराचा राहत नाही. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या. त्याआधी काळा रता, भुरा रता हे भात पिढ्यान्‌पिढ्या होतेच. पण बाहेरच्या बांधाला खांड पडली किंवा उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, झडप नीट बसेनाशी झाली की कोणतीही जात एका मर्यादेपलीकडे तग धरत नाही. एका शेतकऱ्याला दिलेला सल्ला इथे अर्धाच असतो. उरलेला अर्धा बांधाआतल्या सगळ्यांना मिळून द्यावा लागतो. जुन्या कुलाबा जिल्ह्यात यासाठी शिलोत्रीची व्यवस्था होती. जमीन खाडीतून काढणारे शिलोत्रीदार बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी घेत आणि कुळांकडून त्यापोटी बिघ्यामागे ठरावीक भात घेत. तिच्यात शोषणही होते. ती परत यावी असे कुणी म्हणणार नाही. तरी काम कुणाचे, मोबदला कोणत्या मापाने आणि चुकल्यास विचारणा कुणाकडे, या तीन प्रश्नांना तिच्यात सरळ उत्तर होते. पुढे 1948 चा मुंबई खार जमीन कायदा आणि मग 1979 चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा आला, बांध सरकारी खात्याकडे गेले. आज बियाण्याचा सल्ला एका विभागाचा आणि बांधाची दुरुस्ती दुसऱ्या विभागाची. मधल्या जागेत सल्लागार उभा असतो, हातात अधिकार नसताना. त्याला शिकवायचे ते हेच, अधिकाराशिवाय माणसे एकत्र कशी आणायची. बैठक कुणाच्या अंगणात घेतली तर कोण येणार नाही, भावकीतला वाद बांधावर कसा उतरतो, कोळी आणि आगरी घरांचे खाडीतल्या पाण्याबद्दलचे हितसंबंध कुठे जुळतात आणि कुठे अडतात, हे पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. जिताडा माशाच्या तळ्याला खारे पाणी चालते आणि शेजारच्या भाताला चालत नाही. अशी प्रकरणे घेऊन वर्गात भूमिका वठवून सराव करता येतो. या अंगाने तयार केलेला एक आठवडा नेतृत्वगुणांवरच्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा उपयोगी पडेल, असे मला वाटते.

आता प्रेरणेचा प्रश्न. फ्रेडरिक हर्झबर्गने 1959 मध्ये मांडलेला भेद इथे कामाला येतो. पगार, नियम, देखरेख यांतल्या उणिवा माणसाला असमाधानी करतात. पण त्या भरून काढल्याने माणूस आपोआप उत्साही होत नाही. उत्साह येतो कामातल्या यशातून आणि त्या यशाच्या दखलीतून. 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. श्रीवर्धन, मुरूडच्या वाड्या भुईसपाट झाल्या आणि सल्लागार पंचनाम्याच्या कामाला लागले. पंचनामे आवश्यकच होते. पण मदतीचे माप सुरुवातीला हेक्टरी होते, आणि वाडी गुंठ्यांत मोजली जाते; नारळ, पोफळ, जायफळ, मिरी एकमेकांच्या सावलीत. झाडागणिक मदतीचा निर्णय नंतर झाला. मधल्या काळात फॉर्म घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसालाच लोकांचा राग सोसावा लागला. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात, तेव्हा ज्याची वाडी गेली त्याला आकड्याइतकीच ऐकून घेणाऱ्या माणसाची गरज होती. संकटात ऐकण्याचे कौशल्य हा सल्लागाराच्या प्रशिक्षणाचा भाग असायला हवा, आणि सतत ऐकून थकलेल्या सल्लागाराची विचारपूस हा त्याच्या मंडळ अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाचा.

सल्लागाराचे दिवस कोण वाटून देतो, हा मूळ मुद्दा इथेच येतो. जागतिक बँकेच्या पाठबळावर 1970 च्या दशकात डॅनियल बेनॉरने प्रशिक्षण आणि भेट पद्धत रुजवली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली आणि बरीच रास्तही होती : सगळ्यांना एकच संदेश, वरून खाली. पण तिची एक अट विसरण्यासारखी नव्हती. विस्तार कार्यकर्त्याने विस्ताराचेच काम करायचे, आणि पंधरवड्यात ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचे. पुढे पद्धत गेली आणि तिच्याबरोबर अटही गेली. अनुदानाचे अर्ज, पोर्टलवरच्या नोंदी, पीक विमा, छायाचित्रे अपलोड करणे यात सल्लागाराचा दिवस सरतो, आणि मग त्याला वेळेच्या नियोजनाचे प्रशिक्षण दिले जाते. ज्याच्या हाती वेळ नाही त्याला नियोजन शिकवण्यात काय हशील? ते त्याच्या मंडळ आणि तालुका अधिकाऱ्याला शिकवावे. कामाचे वर्णनपत्र लिहिणे, हंगामानुसार कागदाचे काम पुढेमागे करणे, जूनचा शेवट आणि जुलै शेतभेटींसाठी मोकळे ठेवणे, नको त्या बैठकीला नाही म्हणणे हा त्यांचा अभ्यासक्रम.

सल्लागार शेतापर्यंत न पोहोचल्याने पडणारी पोकळी कोण भरतो, हे आकडेच सांगतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2003 च्या पाहणीत देशातल्या जेमतेम 40 टक्के शेतकरी कुटुंबांना आधुनिक तंत्राची माहिती कुठून तरी मिळत होती. विस्तार कार्यकर्त्याकडून ती घेणारे 5.7 टक्के, निविष्ठा विक्रेत्याकडून घेणारे 13.1 टक्के. त्याच वर्षी मॅनेज संस्थेने विक्रेत्यांसाठी वर्षभराची पदविका सुरू केली. ज्याच्याकडे लोक जातातच, त्याला शिकवण्याचा हा व्यवहारी निर्णय मला योग्य वाटतो, विकणारा आणि सल्ला देणारा एकच असण्यातला धोका मान्य करूनही.

राहिले मूल्यमापन आणि बदली. डोनाल्ड किर्कपॅट्रिकने 1959 पासून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन, परिणाम. अभिप्रायाचा कागद पहिल्या पायरीपुरता असतो. वर्तन पाहायचे तर प्रशिक्षकाने पावसात गावात जावे लागते. बदली मात्र चारही पायऱ्या एका आदेशात पुसते. माणसांची ओळख हेच ज्याचे भांडवल, तो गेला की त्याच्या जागी येणाऱ्याला दप्तर मिळते, ओळख मिळत नाही. म्हणून हस्तांतराच्या वेळी साठ्याच्या नोंदीसोबत गावाची नोंदही हवी : कोणत्या उघाडीवरून कुणाचे वाजले आहे, मालक मुंबईत असलेल्या शेतांचे निर्णय प्रत्यक्षात कोण घेते, लावणीच्या टोळ्यांच्या मुकादम बायका कोण, कोणत्या वाडीत वादळानंतर लावलेली रोपे जगली आणि कोणत्या वाडीत कुणी पुन्हा लावलीच नाहीत. ही नोंद जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोघांनी मिळून, गावातून फिरत लिहावी, आणि त्यासाठी दोघांना एकत्र चार दिवस देण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याकडे असावा.